दुकानातलं चिकन आणि औषधाला न जुमानणारे जंतू

इंदूरच्या सुदामा नगरातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरी दर रविवारी चिकन होतं. दुकानातल्या चिकनमध्ये अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतू सापडतात अशी बातमी त्यांनी वाचली, आणि त्याच सुमारास सासऱ्यांच्या लघवीच्या कल्चर रिपोर्टात (जंतू वाढवून त्याच्यावर कोणतं औषध चालतं ते पाहणारी तपासणी) निम्म्या औषधांपुढे 'रेझिस्टंट', म्हणजे जंतू दाद देत नाही, असं छापून आलं. त्या विचारतात: या दोन्हींचा संबंध आहे का? चिकन बंद करावं का? 'अँटिबायोटिक-फ्री' लिहिलेलं महाग पाकीट किंवा झाबुआचा कडकनाथ घेतला तर सुटका होईल का?

आधी थेट उत्तर. चिकन बंद करायची गरज नाही. उकळी फुटलेल्या रश्श्यात हे जंतू जिवंत राहत नाहीत. ते घरात पसरतात कच्च्या चिकनच्या पाण्यातून, विळीवरून, हातावरून आणि त्याच ओट्यावर चिरलेल्या कोथिंबिरीतून. रविवारी डोळ्यांत तेल घालून पाहायचं ते पातेलं चुलीवर चढण्याआधीच्या अर्ध्या तासात. बाकीचं आता सविस्तर सांगते. मी महूला पशुवैद्यक शिकले, आधी कोंबड्यांच्या शेडांत आणि नंतर अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत काम केलं, त्यामुळे हा माल दोन्ही टोकांनी पाहिला आहे.

बातम्यांमध्ये दोन वेगळ्या गोष्टींची सर्रास खिचडी होते. एक म्हणजे मांसात उरलेला औषधाचा अंश. दुसरी म्हणजे मांसावर बसलेला, औषध पचवून टाकणारा जिवंत जंतू. दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट'ने 2014 मध्ये दिल्ली परिसरातले चिकनचे 70 नमुने तपासले होते आणि 40 टक्के नमुन्यांत अँटिबायोटिकचे अंश सापडले होते. ती तपासणी पहिल्या प्रकारची. तिच्यावरून मांसावर कोणते जंतू होते हे कळत नाही, पण आजही तोच आकडा जंतूंच्या बातमीत घुसडलेला दिसतो. फरक स्वयंपाकघरातही पडतो. शिजवल्याने जंतू मरतो, मग तो औषधाला कितीही निर्ढावलेला असो. औषधापासून बचाव करणारा जीन त्याला उष्णतेपासून वाचवत नाही. औषधाच्या अंशाचं मात्र तसं नाही. टेट्रासायक्लिन शिजवताना बरंच विघटित होतं, पण एन्रोफ्लॉक्सासिनसारखं औषध उकळीला फारसं बधत नाही. त्याचा उपाय शेडातच करावा लागतो: औषध थांबवल्यावर ठरलेले दिवस जाऊ द्यायचे आणि मगच पक्षी विकायचा. अंश स्नायूंपेक्षा यकृतात, म्हणजे कलेजीत, आणि मूत्रपिंडात जास्त साठतो. घरात लहान मुलाला 'रक्त वाढतं' म्हणून रोज कलेजी देण्याची पद्धत असेल तर ती मला पसंत नाही. कधीतरी दिली तर हरकत नाही.

आता शेडाकडे येऊ, कारण मूळ तिथे आहे. ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवलेला पक्षी, पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास पोचतो. हा वेग निवडक पैदाशीचा आणि खाद्याचा आहे. 'हार्मोनची इंजेक्शनं देतात' ही निव्वळ अफवा आहे. हजारो पक्ष्यांना एकेक सुई टोचणं कुणाला परवडणार? औषधं मात्र दिली जातात, आणि ती बहुतेकदा पिण्याच्या पाण्यातून. आपल्या माळव्यात त्याचंही ऋतुमान ठरलेलं आहे. पावसाळ्यात शेडात खाली पसरलेला तूस ओला राहतो, कॉक्सी (कॉक्सिडिओसिस हा आतड्याचा परजीवी रोग) उठते आणि तिच्या पाठोपाठ आतड्याचे जिवाणू. थंडीत पडदे लावून घेतात, अमोनिया कोंडतो, डोळे चुरचुरतात आणि सीआरडी सुरू होते, म्हणजे मायकोप्लाझ्माचा श्वसनरोग. मे महिन्यात उष्म्याने पक्षी खाणं टाकतात. मरतूक वाढली की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. बरेच जण कंपनीच्या करारावर असतात. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं, शेड आणि मेहनत शेतकऱ्याची, आणि मोबदला वजन, खाद्याचा हिशेब आणि मरतूक पाहून. अशा वेळी दहा पक्षी मलूल दिसले की पाच हजारांच्या पाण्यात औषध पडतं.

यात एक खोच आहे. आजारी पक्षी पाणी कमी पितो. म्हणजे ज्याला औषधाची गरज, त्याच्या पोटात सगळ्यात कमी जातं, आणि ठणठणीत पक्षी भरपूर पितात. हजारो निरोगी आतड्यांतल्या जंतूंवर अपुऱ्या मात्रेचा मारा झाला, तर तगणार कोण हे उघड आहे. त्याशिवाय वर्षानुवर्षं वाढीसाठी म्हणून खाद्यातच थोडं थोडं अँटिबायोटिक मिसळायची रीत होती. युरोपीय संघाने ती 1 जानेवारी 2006 पासून पूर्ण बंद केली. आपल्याकडे ठळक पाऊल पडलं ते 19 जुलै 2019 ला: कोलिस्टिन हे औषध अन्नासाठी पाळलेल्या जनावरांना, कोंबड्यांना आणि खाद्यपूरकांत वापरायला केंद्र सरकारने बंदी घातली. कोलिस्टिन जुनं आणि मूत्रपिंडाला त्रासदायक आहे, पण अतिदक्षता विभागात बाकी सगळं हरल्यावर डॉक्टर ज्याकडे वळतात अशा मोजक्या औषधांपैकी ते आहे. 2015 मध्ये चीनमधल्या संशोधकांनी डुकरं, मांस आणि रुग्ण यांच्यातल्या ई. कोलाय जंतूंत कोलिस्टिन-प्रतिकाराचा 'एमसीआर-1' हा जीन दाखवला, आणि तोही प्लास्मिडवर. प्लास्मिड म्हणजे एका जंतूकडून दुसऱ्याकडे, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूकडेही सहज जाणारा डीएनएचा तुकडा. तोवर हा प्रतिकार जंतूच्या वंशापुरता राहील असं धरून चाललं होतं.

प्लास्मिडमुळेच हे प्रकरण चिवट होतं. एकाच तुकड्यावर तीन-चार औषधांचे प्रतिकारक जीन एकत्र बसलेले असतात. त्यातल्या एका औषधावर बंदी आली आणि दुसरं चालूच राहिलं, तर सगळा तुकडा टिकून राहतो. खाद्यातल्या जास्तीच्या जस्ताने आणि तांब्यानेही तो टिकतो. 'बंदी आली, मग जंतू अजून कसे सापडतात?' असं कुणी चिडून विचारतं, तेव्हा मी हे सांगते.

मग शेडातला जंतू माणसापर्यंत येतो याचा पुरावा काय? सगळ्यात जुना चांगला प्रयोग अमेरिकेतल्या स्टुअर्ट लेव्ही यांचा, 1976 मध्ये प्रसिद्ध झालेला. एका शेतावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात टेट्रासायक्लिन घातलं. आठवड्याभरात कोंबड्यांच्या आतड्यांत जवळजवळ सगळे टेट्रासायक्लिन-प्रतिकारक जंतू झाले. पाच-सहा महिन्यांत त्या शेतावर राहणाऱ्या माणसांच्या शौचाच्या 31.3 टक्के नमुन्यांत प्रतिकारक जंतूंचं प्रमाण 80 टक्क्यांच्या वर गेलं. शेजाऱ्यांच्या नमुन्यांत हा आकडा 6.8 टक्के होता. त्या माणसांनी औषध घेतलेलं नव्हतं.

त्याहून मला पटणारं उदाहरण कॅनडाच्या क्वेबेक प्रांताचं. तिथल्या हॅचऱ्या, म्हणजे पिल्लं उबवणारी केंद्रं, अंड्यातच सेफ्टिओफर हे सेफॅलोस्पोरिन गटातलं अँटिबायोटिक टोचत असत. 2005 च्या सुमारास त्यांनी ते स्वतःहून थांबवलं. 2004 ते 2006 या काळात दुकानातल्या चिकनवरच्या साल्मोनेला हायडेलबर्ग या जंतूतला त्या औषधाचा प्रतिकार 62 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर आला, आणि माणसांत सापडणाऱ्या त्याच जंतूत 36 वरून 8 वर. 2007 पासून औषध काही प्रमाणात परत सुरू झालं, तसा चिकनवरच्या ई. कोलायमध्ये प्रतिकार पुन्हा चढू लागला. वापर खाली तर आकडा खाली, वापर वर तर आकडा वर. यापेक्षा स्वच्छ साखळी प्रत्यक्ष जगात क्वचितच पाहायला मिळते. आणि यात दिलासाही आहे, कारण औषध थांबवलं की दोन वर्षांत फरक दिसतो.

आता तुम्ही वाचलेल्या बातमीसारख्या बातम्यांविषयी. 'नव्वद टक्के नमुन्यांत प्रतिकारक जंतू' असं वाचलं की मी चार गोष्टी शोधते. जंतू कोणता, औषध कोणतं, नमुना कुठून घेतला आणि जंतू मोजले की नुसते वाढवून पाहिले. शेवटचा मुद्दा सहसा कुणी लिहीतच नाही. साल्मोनेला शोधताना 25 ग्रॅम मांस 225 मिलिलीटर पोषक द्रवात रात्रभर उबवतात. 25 ग्रॅममध्ये एखादाच जंतू असला तरी सकाळी त्याचे लाखो झालेले असतात आणि अहवालात 'आढळला' असं येतं. पद्धत योग्यच आहे, कारण साल्मोनेला अजिबात नको असतो. पण 'आढळला' यावरून तो किती होता ते कळत नाही.

औषध कोणतं यावर तर सगळंच अवलंबून आहे. चिकनवरचा ई. कोलाय टेट्रासायक्लिनला किंवा अँपिसिलिनला प्रतिकारक निघाला तर मला नवल वाटत नाही. तो ईएसबीएल निघाला, म्हणजे सेफोटॅक्सिमसारखी तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन फोडणारं एन्झाइम बनवणारा निघाला, तर मी खुर्चीत पुढे सरकते. कार्बापेनेमला, म्हणजे गंभीर संसर्गासाठी राखून ठेवलेल्या औषधांना, प्रतिकारक निघाला तर लगेच फोन करते. काही अहवालांत तर निसर्गतःच असलेला प्रतिकार मोजून आकडा फुगवलेला असतो. क्लेबसिएला अँपिसिलिनला जन्मतःच दाद देत नाही, एंटेरोकॉकस सेफॅलोस्पोरिनला देत नाही, प्रोटियस कोलिस्टिनला देत नाही. त्यात कोंबडीवाल्याचा काही दोष नाही. कोलिस्टिनचा निकाल जंतूंच्या थरावर औषध लावलेली कागदी डिस्क ठेवून काढलेला असेल तर तो मी सरळ बाजूला ठेवते. कोलिस्टिनचा रेणू मोठा असल्यामुळे तो अगारमध्ये, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीत, नीट पसरत नाही. त्यासाठी द्रवात पातळ-पातळ मात्रा करून तपासावं लागतं. महाविद्यालयीन प्रकल्पांत ही चूक फार दिसते, आणि तेच प्रकल्प मग बातमी होऊन येतात.

शेड आणि घर यांच्यामध्ये दुकान येतं. इंदूर 2017 पासून सलग अनेक वर्षं स्वच्छ सर्वेक्षणात पहिल्या नंबरावर राहिलं, पण रस्ता झाडलेला असला म्हणून दुकानातलं टब स्वच्छ असतं असं नाही. कोंबडी कापली की ती गरम पाण्यात बुडवतात आणि मग रबरी बोटांच्या फिरत्या ड्रममध्ये टाकून पिसं काढतात. त्याच पाण्यात सकाळपासून किती पक्षी बुडाले, हा प्रश्न आहे. पिसांना लागलेली विष्ठा त्या पाण्यात उतरते आणि ड्रममध्ये सगळ्यांच्या अंगावर चोळली जाते. एका शेडातला जंतू दुसऱ्या शेडातून आलेल्या पक्ष्यावर चढतो तो इथे. कातडी काढून घेतलीत तर भार बऱ्यापैकी कमी होतो, कारण पिसांच्या छिद्रांत जंतू अडकून राहतात. पक्षी डोळ्यांसमोर कापला म्हणजे तो ताजा, हे खरं. निर्जंतुक मात्र नाही. दुकान निवडताना मी भावाआधी बघते की पाणी बदलतात का, आतडी काढायची जागा आणि तुकडे करायचा ओंडका वेगळा आहे का, आणि पैसे घेणारा हात तोच मांस कापतोय का. तिन्ही बरोबर असणारं दुकान सापडलं तर त्याला सोडू नका.

घरी आल्यावर लोक काय करतात? नळ मोठा सोडून त्याखाली चिकन खळखळून धुतात. त्याने जंतू जात नाहीत. बारीक तुषार उडतात आणि ओट्यावर, घासून ठेवलेल्या ताटांवर, शेजारच्या काकडीवर बसतात. पाश्चात्त्य सल्ला 'अजिबात धुऊ नका' असा असतो. पण तिकडचं पाकीट साफ होऊन येतं, आपल्याकडे रक्त, पिसाची मुळं, हाडाचा चुरा असतो, त्यामुळे तो सल्ला इथे कुणी पाळत नाही, मीही नाही. मी असं करते: मोठ्या पातेल्यात पाणी आधी भरून घेते, चिकन त्यात हलक्या हाताने बुडवून काढते, पाणी मोरीच्या तळाशी धरून हळू ओतते. मग मोरी, नळाची चावी आणि ओटा साबणाने धुऊन वर ब्लीचचं पाणी फिरवते, चार लिटरला साधारण एक मोठा चमचा. नळाची चावी लोक हमखास विसरतात. चिकनच्या हाताने ती उघडलेली असते आणि धुतलेल्या हाताने बंद केलेली असते.

हळद-मीठ, लिंबू, दही लावून ठेवल्याने जंतू मरतात ही समजूत घरोघरी आहे. चवीसाठी लावा, भरवसा ठेवू नका. मुरवत ठेवलेलं चिकन फ्रिजमध्ये, सगळ्यात खालच्या कप्प्यात, झाकून ठेवा, म्हणजे गळलं तरी खालीच गळेल. फ्रीझरमध्येही बहुतेक जंतू मरत नाहीत, झोपून राहतात. इंदूरच्या मे महिन्यात दुकानातून आणलेली पिशवी स्कूटरच्या डिकीत टाकून बाकीची खरेदी करत फिरू नका. हवा 32 अंशांच्या वर असेल तर तासाभरात ती फ्रिजमध्ये गेली पाहिजे.

कामाचा क्रम बदलला तरी अर्धी लढाई जिंकता येते. कोशिंबीर, कांदा, कोथिंबीर, लिंबाच्या फोडी सगळं आधी चिरून झाकून ठेवायचं आणि चिकनची पिशवी शेवटी उघडायची. विळी किंवा पाट वेगळा असेल तर उत्तमच. बरणीतला मसाला चिकनच्या हाताने काढू नका, आधी वाटीत काढून घ्या. मोबाईल बाजूला ठेवा. अळणी पाणी काढून मग रस्सा करणाऱ्या घरांत शिजण्याची मला काळजीच नाही. कुकरला लावलं तर प्रश्नच मिटला. धोका असतो तो तंदुरी, कबाब आणि जाड तुकड्याच्या फ्रायमध्ये, जिथे बाहेरून करपतं आणि हाडाजवळ गुलाबी राहतं. मांसाच्या सगळ्यात जाड भागात 74 अंश सेल्सियस गाठलं पाहिजे. स्वयंपाकाचा थर्मामीटर काही शेकड्यांत मिळतो.

'अँटिबायोटिक-फ्री' पाकिटाचं काय? त्याचे दोन अर्थ असू शकतात. एक, तयार मांसात औषधाचा अंश नाही. दुसरा, पक्ष्याला जन्मापासून औषध दिलंच नाही. पहिला दावा तुलनेने सोपा आहे, कारण औषध देऊन ठरलेले दिवस थांबलं तरी तो खरा ठरतो. त्याचा जंतूंशी काही संबंध नाही. दुसरा खरा असेल तर पैसे देण्यासारखा आहे, पण तो तुमच्या ताटापेक्षा शेडांतली सवय बदलावी म्हणून. तिथेही पिल्लं हॅचरीतूनच प्रतिकारक जंतू घेऊन येऊ शकतात. पाकिटावरच्या ग्राहक क्रमांकावर फोन करून विचारा, 'अंश नाही म्हणता की औषधच दिलं नाही म्हणता?' उत्तर देताना समोरचा अडखळला तर समजून घ्या. आणि पाकीट कितीही महाग असो, ओटा तेवढाच धुवायचा.

कडकनाथला 2018 मध्ये झाबुआचं भौगोलिक मानांकन मिळालं, चव न्यारी आहे, मलाही आवडतो. पण अंगणातली कोंबडी उकिरडा उकरते आणि नालीचं पाणी पिते, आणि त्या नालीत माणसांच्या घरातले, दवाखान्यांतले जंतू असतात. शिवाय 'कडकनाथ' म्हणून विकला जाणारा बराचसा माल आता शेडातच वाढतो. चवीसाठी जरूर घ्या.

आता सासऱ्यांचा रिपोर्ट. लघवीच्या संसर्गाचा ई. कोलाय बहुतेक वेळा माणसाच्या स्वतःच्या आतड्यातून येतो. तो त्या आतड्यात कधी आणि कुठून आला हे एका रुग्णात शोधणं जवळजवळ अशक्य आहे. अमेरिकेत ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफ शहरात संशोधकांनी दुकानातलं मांस आणि लघवीचा संसर्ग झालेले रुग्ण यांचे जंतू जनुकांपर्यंत जुळवून पाहिले. 2018 मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ई. कोलायची एक विशिष्ट शाखा कोंबडीकडून माणसाकडे येत असल्याची चिन्हं दिसली. म्हणजे ही वाट आहे. पण ती अनेक वाटांपैकी एक आहे, आणि सासऱ्यांच्या वयात मधुमेह, वाढलेलं प्रोस्टेट, आधीची कॅथेटर आणि आधी घेतलेली अँटिबायोटिकं ही कारणं जास्त वजनदार असतात. गेल्या वर्षभरात त्यांनी सर्दी-खोकल्याला दुकानातून किती वेळा 'पाच दिवसांची स्ट्रिप' आणून घेतली हे आठवून डॉक्टरांना सांगा. 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच-1 मधली अँटिबायोटिकं चिठ्ठीशिवाय द्यायला बंदी आहे आणि दुकानदाराला वेगळी नोंदही ठेवावी लागते, तरी ती कशी मिळतात हे तुम्हाला-मला दोघींनाही ठाऊक आहे. शेडातल्या पाण्यात औषध ओतणाऱ्याला नावं ठेवायची आणि घरात तेच करायचं, हे मला पटत नाही.

सासऱ्यांसाठी आणि लहान मुलांसाठी चिकन रश्श्याचंच ठेवा, बाहेरची तंदुरी टाळा. जुलाब झाले तर आधी ओआरएस. साध्या साल्मोनेलाच्या जुलाबातही धडधाकट माणसाला बहुधा अँटिबायोटिक लागत नाही. शौचात रक्त, तीव्र ताप, लघवी कमी होणं, किंवा वय जास्त आणि मधुमेह असेल तर वाट न पाहता डॉक्टर गाठा. आणि तो कल्चर रिपोर्ट फाडू नका. पुढच्या वेळी संसर्ग झाला आणि नवा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस असले, तर त्या दिवसांत कोणतं औषध सुरू करायचं नाही हे डॉक्टरांना त्यावरून कळेल. फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा, कारण रात्री इमर्जन्सीत फाइल कधीच सापडत नाही.